कातळावरचा तंबू

कॉलेजात असताना शमिका एकदा निसर्गशिबिराला गेली होती. उघड्यावर झोपून पाखरांच्या आवाजाने जागं होण्याचं सुख तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. पुढे दाभोळची ही मुलगी हेदवीच्या अलीकडे, सड्याखालच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराखालच्या, एका वाडीत सून म्हणून आली. नवरा दीपक मुंबईला नोकरीत, घरी सासरे महिपत आणि दोन मुलं. दहा वर्षांची राही आणि सहा वर्षांचा संदेश मोबाइलवर रानात चूल पेटवणाऱ्या माणसांचे व्हिडिओ तासन्‌तास बघू लागली, तेव्हा तिच्या मनात आलं, नुसतं बघत काय बसायचं? आपल्याला काय सडा नाही? आणि तिने तंबू मागवला.

सड्यावर राहायचं म्हणजे चूल आली, आणि महिपतबाबांपुढे चुलीचं नाव काढायची सोय नव्हती. गेल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी विडीने डोंगरापलीकडून वणवा आला आणि सड्यावरच्या त्यांच्या बागेतली हापूस कलमांची अख्खी रांग उभ्याउभ्या करपली. नातवंडांसारखी वाढवलेली कलमं ती. तेव्हापासून गवत वाळायला लागलं की बाबा रोज संध्याकाळी बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जाऊन बसायचे. शेजारी पाण्याने भरलेली बादली. त्यांना कुणी हसत नसे.

शमिकाने त्यांच्या भीतीचा मान राखला, आणि चुकली ती तिथेच. आगीची भीती नको म्हणून तिने गवताची काडी नसलेला, भुंडा, सपाट कातळ निवडला, तेव्हा कुठे बाबा तयार झाले. जागा अशी सुरेख की बघत राहावं. पण कातळात खुंटी शिरते होय? पहिल्या दोन वाकल्या, तिसरी टणकन उडून लांब पडली. शेवटी तिने तंबूच्या कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या, तांदळाचा डबा आणि तिघांच्या चपला ठेवल्या. दिवस कलताना समुद्रावरून खारा वारा सुटला, तसा तंबू फुगला, कोलांटी खाल्ली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. चूल पेटायच्या आधीच तिघं घरी.

वाटेत पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना शेजारच्या गंगुकाकी भेटल्या. त्यांनी तंबूच्या गुंडाळीकडे बघितलं, मग शमिकाकडे.

"काय गो, लोकं मुंबईत हाडं झिजवून गावाला घर बांधतात. आणि तू बांधलेलं घर टाकून कापडात झोपायला चाललीस?"

दीपक फोनवर पोट धरून हसला. हे सगळं शमिकाला चाललं असतं. पण राही न जेवता चादर डोक्यावर ओढून झोपली ते तिच्या जिवाला लागलं. आपल्या आईला जमत नाही, हे एकदा पोरीच्या मनात बसलं की आपल्यालाही जमणार नाही हे बसायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून सकाळी चहा देताना तिने बाबांकडे आणखी एक संधी मागितली. बाबांनी बशीतला चहा संपवला आणि मगच तोंड उघडलं.

"जा. पण गवतात ठिणगी धरलेली दिसली, नायतर उजाडायच्या आत परत आलात, तर हे कापड माळ्यावर. मग पुन्हा नाव काढायचं नाय."

त्या दिवसापासून घरापुढच्या खळ्यात शाळा भरली. खुंट्या गेल्या, त्यांच्या जागी जांभ्याचे जड चिरे आले. चिऱ्याला सुंभ कसा आवळायचा ते राहीने मान खाली घालून गाठ सुटेनाशी होईपर्यंत गिरवलं. नारळाचं सोडण, म्हणजे वरचं तंतूंचं साल, पिंजून त्याचा कापसासारखा भुगा करायचं काम संदेशकडे. आधी भुगा, मग काटक्या, मग करवंट्या. पहिल्यांदा नुसता धूर झाला, कारण सोडण रात्रभर दंवात राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संदेशने भुगा डब्यात भरून डबा उशाशी घेतला. शमिकाने शेवटचा धडा दिला तो वाडीचाच. वणवा आला की इथली माणसं ओले डहाळे घेऊन धावतात, आपटून आपटून आग मारतात. चुलीपाशी बसणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी ओला डहाळा हवाच, असा तिने नियम केला.

शनिवारी तिघं पुन्हा सडा चढली. या वेळी तंबू गडग्याच्या आडोशाला, चिऱ्यांना जखडून. चूल कातळावरच, आणि कातळाच्या कडेचं गवत विळ्याने कापून मागे सारलेलं. गडग्यावर बाबा होते, बादलीही होती. आपण यांच्याकडे बघायला आलेलो नाही, असा चेहरा करून ते समुद्राकडे बघत बसले.

वारा आला. तंबू थरथरला, पण हलला नाही. संदेशच्या भुग्याने पहिल्याच काडीला जाळ धरला. भात झाला, कुळथाची पिठी रटरटू लागली. सूर्य बुडाला तसा खारा वारा पडला, आणि इतका वेळ शमिकाच्या बाजूला जाणारा धूर एकदम राहीच्या डोळ्यांत गेला.

"आई, वारा फिरला," राही म्हणाली आणि डहाळा घेऊन उठलीच.

जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटला होता. करवंटी फुटली, ठिणगी उडाली आणि कापलेल्या पट्ट्यापलीकडे गवतात पडली. शमिका उठेपर्यंत गवताने पेट घेतला होता. राहीने डहाळा आपटला, पुन्हा आपटला, संदेशही धावला. गडग्यावरून उडी टाकून बाबा बादलीसकट पोचले तेव्हा तिथे हातभर काळा डाग होता, आणि त्यावर राहीचा पाय.

ठिणगी तर धरली होती. अट मोडली होती.

बाबांनी वाकून त्या डागावर तळहात ठेवला. थंड आहे याची खात्री करून घेतली. मग बादली चुलीशेजारी ठेवून ते मांडी घालून बसले.

"हे पाणी भांड्यांना घ्या," ते म्हणाले, "आणि मला वाढ जरा पिठी."

जेवून ते घरी गेले. बादली मात्र तिथेच राहिली.

उजाडलं तेव्हा तंबूवर दंव चमकत होतं आणि कलमांत बुलबुल ओरडत होते. राहीने मुंबईला व्हिडिओ कॉल लावला. दीपक हसला नाही, पुढच्या सुट्टीत मला जागा आहे का, एवढंच विचारलं. तिघं पाखाडी उतरली ती मिरवणुकीसारखी, आणि गंगुकाकींना संदेशने न विचारताच सगळं ऐकवलं.

खळ्यात बाबा वाट बघत होते. दरवर्षी आंबा धरला की राखणीसाठी ते बागेत विणलेल्या झावळ्यांची, म्हणजे झापांची, खोप बांधायचे.

"औंदा खोप बांधत नाय मी," ते म्हणाले. "राखणीला हा तंबूच लावा. आणि राहीलापण न्या, डहाळ्यासकट."

माळ्यावर बाबांनी तंबूसाठी जागा करून ठेवली होती, पण तिथे चढली ती त्या वाकलेल्या खुंट्यांची पिशवी.