रग्बी न खेळलेला ग्विलिम प्रॉसर

सोमवारी सकाळी माझ्या स्क्रीनवरचा ग्विलिम प्रॉसर एकाच शनिवारी दुपारी दोन ठिकाणी हजर होता. ख्राइस्टचर्चच्या मैदानावर तो रग्बीच्या सामन्यात फुल-बॅक म्हणून खेळत होता. त्याच वेळी वेस्ट कोस्टवरच्या एका कोळशाच्या गावात तो पुरुषांच्या गायकवृंदापुढे उभा राहून हात हलवत होता. दोन्ही ठिकाणांच्या मध्ये सदर्न आल्प्सची रांग आहे. रेल्वेने तेव्हा जवळजवळ अख्खा दिवस जायचा.

मी वेलिंग्टनमध्ये एका चरित्रकोशाच्या कार्यालयात संपादक आहे. आधी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. कामात फार फरक पडलेला नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं, खोटं निघेल ते काढायचं आणि शंका असेल तर छापायचं नाही. कोश आता फक्त ऑनलाइन आहे, त्यामुळे 'छापायचं' हा शब्द तेवढा जुना झाला.

एकाच नावाच्या अनेक नामवंत व्यक्ती असतील, तर आमच्या साइटवर वाचकाला आधी एक वेगळं पान दिसतं. त्यावर सगळ्यांची यादी असते: यांपैकी तुम्हाला कोण हवंय? ऑफिसात आम्ही त्याला सेम-नेम पेज म्हणतो. वेल्समधून आलेल्या लोकांमुळे अशी पानं हीप्स, म्हणजे ढिगाने, तयार होतात. तिकडे आडनावंच थोडी आणि आजोबांचं नाव नातवाला द्यायची पद्धत. ग्विलिम प्रॉसर या नावाच्या पानावर दोन जण होते. एक ख्राइस्टचर्चचा पूल बांधणारा इंजिनियर. दुसरा वेस्ट कोस्टचा खाणकामगार, जो प्रांताकडून रग्बी खेळला आणि ज्याने गावातला गायकवृंद नावारूपाला आणला.

या दुसऱ्याबद्दल पत्र आलं होतं. कागदावर, शाईने लिहिलेलं. लिहिणारी बेथन, त्याची मुलगी. वय नव्वदीच्या जवळ, मुक्काम ख्राइस्टचर्चच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात. पत्राचा आशय असा: गावातल्या दुरुस्त केलेल्या सभागृहाला माझ्या वडिलांचं नाव देणार आहेत. दारावर ब्राँझची पाटी लागणार आहे. पाटीवरचा मजकूर तुमच्या साइटवरून घेतलाय. त्यात माझे वडील रग्बी खेळले असं लिहिलंय. त्यांनी आयुष्यात रग्बीच्या चेंडूला हात लावला नाही. पाटी दुरुस्त होणार नसेल, तर त्यांचं नाव सभागृहाला देऊ नका, असं मी कौन्सिलला कळवणार आहे. दुसऱ्याचं आयुष्य त्यांना नको.

सोबत एक फोटो होता. गायकांच्या तीन रांगा, पुढे पाठमोरा एक माणूस. मागे पेन्सिलीने तारीख आणि 'डॅड संचालन करताना'. ती तारीख मी जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात शोधली आणि सामन्याचा वृत्तांत सापडला. त्यात प्रॉसर खेळत होता.

मी कौन्सिलमधल्या क्रेगला फोन केला. पाटीचं काम त्याच्याकडे होतं. मजकूर गुरुवारी दुपारी बारा वाजता ओतकाम करणाऱ्याकडे जाणार, असं त्याने सांगितलं. त्याआधी तुमच्याकडून लेखी दुरुस्ती आली तर बदलतो, नाहीतर साइटवर आहे तेच जाईल.

मंगळवारी मी हे सगळं ॲलिसनपुढे ठेवलं. ॲलिसन आमची मुख्य संपादक. तिच्या टेबलावर कधीच कागद नसतो, त्यामुळे बेथनचं पत्र तिथे उगाच मोठं दिसत होतं.

"फोटोमागची तारीख कोणी लिहिली?" तिने विचारलं.

"बेथनने. नंतर कधीतरी."

"ती कार्यक्रमाला होती?"

"होती. चार महिन्यांची होती. आईच्या मांडीवर."

"म्हणजे आपल्याकडे चार महिन्यांची साक्षीदार आहे," ॲलिसन म्हणाली.

तिचा नियम मला माहीत होता आणि पटतही होता. दुरुस्ती करायची तर त्या काळातले दोन स्वतंत्र कागद हवेत. घरच्यांच्या आठवणी पुरावा म्हणून चालत नाहीत. उद्या रग्बी काढून टाकलं आणि तो खरंच खेळलेला निघाला, तर आपण दुसऱ्यांदा चुकलो. मग तिने विचारलं की ही दोन्ही प्रकारची माहिती एका माणसाच्या नावावर मुळात आली कशी.

ते शोधायला मी निरंजनकडे गेले. निरंजन देशमुख आमचा आयटीचा माणूस, कोथरूडचा, माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान. नोंदी जुळवणारा प्रोग्रॅम त्याने लिहिलाय. नाव तेच, गाव तेच आणि जन्मसालात फार तर दोन वर्षांचा फरक असेल, तर प्रोग्रॅम दोन नोंदी समोरासमोर ठेवतो आणि विचारतो: एकच का? माणसाने होकार दिला की त्या एक होतात. याला मर्ज म्हणतात.

"माझा कोड बरोबर आहे हं, मेधाताई," तो आधीच म्हणाला. "एका गावात, एका नावाने, एका वर्षाच्या अंतराने जन्मायची काय गरज होती त्यांना?"

"होकार कोणी दिला ते दाखव."

त्याने लॉग उघडला आणि खुर्ची थोडी मागे घेतली. होकार देणाऱ्याची आद्याक्षरं माझी होती.

तीन वर्षांपूर्वीचा दिवस मला आठवला नाही. अशा नोंदी दिवसाला चाळीस येतात. या नोंदीसोबत एका स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकेचा हवाला होता: 'गावाचा लाडका रग्बीपटू प्रॉसर, ज्याच्या गायकवृंदाने...' पुस्तिका त्या दोघांनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली. मी तिच्यावर विश्वास ठेवला होता.

मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ मी गायकवृंदाच्या कागदांत घालवली. त्यांची एक पेटी आमच्याकडे होती आणि तिची नावांची सूची मीच केलेली होती. सूचीत प्रॉसर या आडनावाखाली काहीच नव्हतं. ज्याने वृंद नावारूपाला आणला, त्याचं नाव वृंदाच्याच पेटीत नाही. हे विचित्र आहे एवढं कळत होतं, त्यापुढे काही सुचत नव्हतं.

बुधवारी जेवायच्या वेळी निरंजन फोनवर वैतागलेला होता. रविवारी जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता आणि तबल्याला माणूस त्याने ठरवायचा होता.

"अहो, समीर कुलकर्णीला मेसेज केला, रविवारी चारला ये, साउंड चेक आहे. तो म्हणतो, येतो, आणि सोबत बटाटेवडे आणतो."

"मग काय बिघडलं?"

"तो डेंटिस्ट समीर. मला तबलावाला हवा होता." त्याने फोन माझ्यासमोर धरला. यादीत तिघे एकाखाली एक होते. समीर कुलकर्णी डेंटिस्ट, समीर कुलकर्णी तबला, समीर कुलकर्णी कॅराव्हॅन. "कॅराव्हॅन म्हणजे तो, दर लाँग वीकेंडला बिऱ्हाड घेऊन फिरतो तो. आता डेंटिस्टला नको कसं सांगू? वडे छान करतो."

मी डबा तसाच ठेवून जागेवर गेले.

सूची करताना पेटीत एक तीन शब्दांचं नाव वारंवार आलं होतं: ग्विलिम प्रॉसर लॅम्प. मी ते एल खाली लावलं होतं. शाळेपासून स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची सवय. तीन शब्द दिसले की तिसरं आडनाव, यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. निरंजनच्या फोनमध्येही तीन शब्द होते आणि तिसरं आडनाव नव्हतं. वेस्ट कोस्टवर लॅम्प नावाचं कुटुंब कधी होतं का, हे तपासायला पाच मिनिटं लागली असती. आता ती पाच मिनिटं घालवली. असं कुटुंब नव्हतं.

एल खाली सहा कागद निघाले. त्यांत त्या शनिवारचा छापील कार्यक्रम होता: संचालक, ग्विलिम प्रॉसर लॅम्प. हा एक कागद झाला. गावच्या वर्तमानपत्राचं सोमवारचं कात्रण होतं. बातमीदाराने लिहिलं होतं की प्रॉसर लॅम्प यांनी तिसऱ्या गाण्यानंतर खुर्ची मागवून उरलेला कार्यक्रम बसून चालवला. हा दुसरा. शिवाय खाणीच्या लॅम्प रूमची कर्मचारी यादी होती. लॅम्प रूम म्हणजे खाणीच्या तोंडाशी असलेली खोली. खाली उतरताना प्रत्येक कामगार तिथून दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर परत करायचा. जो दिवा परत आला नाही, तो माणूस अजून खाली आहे, हे दिवेवाल्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. यादीत प्रॉसरच्या नावापुढे शेरा होता: गुडघ्याच्या दुखापतीमुळे खाणीतून या कामावर बदली. दुखापत सामन्याच्या चार वर्षं आधीची होती.

मी बेथनला फोन लावला. किया ओरा म्हणून नमस्कार केला, मी कोण ते सांगितलं. तिचा आवाज खणखणीत होता.

"पाटी ओतली का?" तिने पहिलं हेच विचारलं.

"अजून नाही. मला एकच सांगा. गावात तुमच्या वडिलांना लोक काय म्हणायचे?"

"प्रॉसर लॅम्प. तुम्हाला कोणी सांगितलं? घरात हे नाव काढायची बंदी होती. आईला फार राग यायचा. म्हणायची, माणूस आहे, दिवा नाही."

तिने पुढे सांगितलं ते असं. गावात वेल्सहून आलेली घरं बरीच आणि आडनावं चार-पाच. नुसतं प्रॉसर म्हटलं तर तिघे वळून बघायचे. म्हणून नावापुढे धंदा जोडायचे, ही तिकडचीच जुनी रीत. पत्रात तिने हे लिहिलं नव्हतं, कारण तिच्यासाठी ते फक्त डॅड होते.

"आणि रग्बी खेळायचा तो?" मी विचारलं.

"तो प्रॉसर ब्रेड. बेकरीची गाडी चालवायचा. फार चांगला माणूस. पण चर्चमध्ये त्याला मागच्या बाकावर बसवायचे आणि ओठ हलव, आवाज काढू नको, असं सांगून ठेवलेलं होतं."

हे मी टिपून ठेवलं, पण कोशात घातलं नाही. दुसरा स्रोत नव्हता.

गुरुवारी सकाळी ॲलिसनने तिन्ही कागद वाचले. मग सूचीतली चूक कोणाची, हे विचारलं. मी म्हटलं, माझी. मर्जला होकार कोणी दिला? तोही मीच. तिने मान डोलावली.

"दुरुस्तीच्या टिपेत दोन्ही लिही," ती म्हणाली. "आणि पाटीचा मजकूर तूच कर."

मजकूर छोटा होता. रग्बी गेलं. खाणकामगार, लॅम्प रूमचा कर्मचारी, गायकवृंदाचा संचालक, एवढं राहिलं. प्रश्न नावाचा होता. आता साइटवर तीन ग्विलिम प्रॉसर होणार होते आणि पाटीवर नुसतं नाव टाकलं तर वाचणाऱ्याने कोणता समजायचा? दुसरीकडे, ज्या नावाची घरात बंदी, ते परस्पर ब्राँझमध्ये ओतायचं नव्हतं. साडेदहाला मी बेथनला पुन्हा फोन केला आणि अडचण सांगितली.

"घाला," ती म्हणाली. "आई गेली, आता रागवायला कोणी नाही. आणि नाही घातलं तर हे लोक डॅडना पुन्हा रग्बी खेळायला लावतील."

अकराला दोन मिनिटं कमी असताना लेखी दुरुस्ती क्रेगकडे गेली. पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं: स्वीट ॲज. इकडच्या बोलीत, एकदम मस्त.

काही आठवड्यांनी सभागृह उघडलं. मी गेले नव्हते. क्रेगने फोटो पाठवला. बेथन व्हीलचेअरमध्ये दारापाशी बसलेली आहे. वर पाटी, पाटीवर ग्विलिम प्रॉसर आणि खाली लहान अक्षरांत 'प्रॉसर लॅम्प'. तिचा एक हात वर आहे. पाटी दाखवतेय की आत गाणाऱ्यांना काही सांगतेय, ते फोटोवरून कळत नाही. क्रेगने लिहिलं होतं की भाषणं लांबली म्हणून त्या कंटाळल्या होत्या, बाकी एकदम खूश.

मला काळजी होती ती दुसऱ्या कुटुंबाची. प्रॉसर ब्रेडच्या नातवाला मी कळवलं होतं की तुमच्या आजोबांच्या नोंदीतून गायकवृंद काढावा लागतोय. हक्काचं काही काढून घेतलं की लोक चिडतात, असा अनुभव आहे. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, असं त्याने लिहिलं होतं. आमच्यात कोणालाच गाता येत नाही, तीन वर्षं आम्ही याचा विचार करत होतो. सोबत आजोबांचा बेकरीच्या गाडीपुढे उभा असलेला फोटो होता. तो आता त्याच्या पानावर आहे.

त्या आठवड्यातल्या रविवारच्या कार्यक्रमाला डेंटिस्ट समीर वडे घेऊन आला आणि तबलावाला समीर तबला घेऊन. कॅराव्हॅन समीर तेव्हा टाउपोला होता.

निरंजनने प्रोग्रॅम बदलला. मर्जला होकार देण्याआधी आता एक नवा रकाना भरावा लागतो: 'लोक काय म्हणत'. माहीत नसेल तर तसं लिहावं लागतं, रिकामा सोडता येत नाही. मागच्या महिन्यात आम्ही जुन्या मर्ज केलेल्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. बहुतेकांपुढे 'माहीत नाही' असंच लिहावं लागतंय. होकार देणाऱ्याची आद्याक्षरं बऱ्याच ठिकाणी माझीच आहेत, त्यामुळे ते काम मी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही.