पाहुण्यांचे एक्कावन्न सेकंद

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत वेळेबद्दलचा शेवटचा शब्द एकाच माणसाचा होता. जत्रेतल्या ढोल-लेझीम स्पर्धेत त्यांनी तांबडं निशाण वर केलं की भली भली पथकं गळ्यातला ढोल सांभाळत चुन्याच्या रेघेकडे पळत सुटायची. या माणसाकडे स्वतःचं घड्याळ नव्हतं. स्पर्धेपुरतं शाळेचं स्टॉपवॉच मिळायचं. एरवी ते लोकांना वेळ विचारत, आणि लोकांनी सांगितलेल्या वेळेवर विश्वास ठेवत नसत.

लोणीकडच्या एका ग्रामपंचायतीत ते तीस वर्षं पाणी सोडायचं काम करत होते, म्हणून सगळे त्यांना पाणीवाले बाबा म्हणत. वरच्या आळीला चाळीस मिनिटं, खालच्या आळीला चाळीस मिनिटं, मग व्हॉल्व्ह बंद. तुम्ही अशा गावात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, व्हॉल्व्ह बंद करणाऱ्याला किती विनवण्या ऐकाव्या लागतात. कोणाचा हंडा अर्धा असतो, कोणाकडे पाहुणे आलेले असतात. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “येळ माझ्या घरची न्हाई.” एकदा सरपंचीणबाईंचा पिंप अर्धा राहिला, तेव्हाही हेच उत्तर दिल्याचं सांगतात. स्पर्धेच्या समितीला असाच माणूस हवा होता. निदान सुरुवातीला तरी तसं वाटलं होतं.

मी त्याच टेबलावर परीक्षकांच्या गुणांची बेरीज करायला बसायचो, म्हणून नियम मला पाठ आहेत. पथकात पंचवीस माणसं. रेघेच्या आत पहिली टिपरी ढोलावर पडली की वेळ सुरू, शेवटचा ढोल रेघेबाहेर गेला की वेळ बंद. मर्यादा दहा मिनिटांची, एक मिनिट उरलं की तांबडं निशाण. पुढे दर दहा सेकंदांना एक गुण वजा, आणि त्यातला तुकडा राहिला तर त्यालाही एक. पंचविसाच्या वर माणूस दिसला तर दोन गुण वजा. लेझीम किती सुंदर फिरली याच्यावर तीन परीक्षक तासभर भांडत. वेळेवर कोणी भांडत नसे, कारण तिथे बाबा बसलेले असत.

त्यांचं बसणंही पाहण्यासारखं होतं. ते ढोलाकडे बघतच नसत. नजर रेघेवर, उजवा अंगठा बटणावर. एकदा मी विचारलं, एवढी वर्षं ऐकताय, यातलं कोणतं पथक चांगलं? ते म्हणाले, “मला काय ठावं? मी पाय बघतो.”

तर त्या वर्षीची गोष्ट. शिनोलीच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीतलं बायकांचं पथक पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलं होतं. पहिल्या नंबराला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं, आणि त्या वाडीतून अजून कोणी कशासाठीच जिल्ह्याला गेलेलं नव्हतं. पथकाची प्रमुख अंगणवाडीत मदतनीस होती. भात काढून झाल्यावर मोकळ्या खाचरांत त्यांनी सराव केला होता. बांधावरून उड्या मारत वाजवायची सवय झाल्यामुळे सपाट मैदानावर त्या वाऱ्यासारख्या फिरत होत्या. तिन्ही परीक्षक, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

आठव्या मिनिटाला प्रमुख पाहुणे आले. दोन तास उशिरा आले, ते वेगळं. मंडप त्यांनी दिलेला होता. समितीचे अध्यक्ष त्यांना घेऊन थेट रेघेच्या आत गेले, फोटोवाले मागोमाग गेले. पाहुण्यांनी हात पुढे केला आणि पथकाच्या प्रमुखबाईंनी गळ्यातला ढोल काढून त्यांच्या गळ्यात घातला. आपल्याकडे दुसरं काय करणार? पाहुण्यांनी वाजवला. त्यांचा ताल आणि पथकाचा ताल यांची भेट झाली नाही, तरी मैदानानं टाळ्या वाजवल्या. तांबडं निशाण वर गेलं तेव्हा पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत होते.

शेवटचा ढोल बाहेर पडला तेव्हा वेळ भरली दहा मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. म्हणजे पाच गुण वजा, पहिला नंबर गेला. पण कागदावर वेळेखाली बाबांनी आणखी एक ओळ लिहिली होती: पाहुण्यांचे एक्कावन्न. तेवढे काढले तर पथक चार सेकंद राखून आत बसत होतं.

अध्यक्ष म्हणाले की नियमात पाहुण्यांचं कलम नाही. बाबांनी शांतपणे विचारलं, “पावणं पथकातलं का भायेरचं, येवढंच सांगा. पथकातलं असलं तर सव्वीस माणसं झाली, अजून दोन मार्क काटा. भायेरचं असलं तर त्यांचं वाजवणं या बायांच्या नावावर लिवायचं न्हाई.”

एवढं स्वच्छ तर्कशास्त्र मी कॉलेजात शिकवतानाही ऐकलं नव्हतं. अध्यक्षांनी घाम पुसला आणि कबूल केलं, बाहेरचे. फक्त पाहुणे जाईपर्यंत निकाल जाहीर करायचा नाही. मी बेरीज दुरुस्त केली. रेघेपलीकडे त्या बाया ढोलांवर बसून आमच्या टेबलाकडे बघत होत्या.

मग पाहुणे भाषणाला उभे राहिले. संस्कृती, मातीचा वास, सह्याद्री, सगळं झालं. शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवला आणि भरल्या आवाजात सांगितलं, “मी आज इथं पाहुणा म्हणून आलेलो नाही. मी या पथकातलाच एक आहे.”

मैदान टाळ्यांनी दणाणलं. त्या बायांनीही वाजवल्या.

मी हळूच म्हणालो की भाषणात माणसं असं बोलतात, ते धरायचं नसतं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसत होती. खुद्द पाहुण्यांनी माइकवर सांगितलेलं आपण खोटं कसं पाडायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि ते पाणीवाल्या बाबांकडे बघू लागले.

बाबांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, “बोललो व्हतो मी. सव्वीस झाली.” आणि सही केली. त्यांची सही एरवी सरळ यायची, त्या दिवशी ओळ सोडून खाली गेली. पाच आणि दोन मिळून सात गुण वजा झाले. पथक तिसरं आलं.

निकालानंतर बाबा पथकाच्या टेम्पोकडे निघाले. मीही मागे गेलो. खरं तर मला कुतूहल होतं, ज्यानं आयुष्यात कोणाला सेकंद दिला नाही, तो आता काय देणार. ढोल चढवून झाले होते, वरून दोर ओढणं चाललं होतं. त्यांनी दोराचं एक टोक हातात घेतलं आणि प्रमुखबाईंना म्हणाले, “बाई, रेघेवर मी बसलेलो. पावण्याला मी आडवायला पायजे व्हतं.”

“तुमी कशाला, बाबा? ढोल तर मीच दिला. पावण्याला न्हाई कसं म्हणायचं?”

“मला म्हणता येतं,” ते म्हणाले. “तीस वर्षं तेच म्हणलोय. आज सुचलं न्हाई.”

त्यांनी दोर ताणून गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, आणि स्टॉपवॉच माझ्या हातात देऊन शाळेत पोचवायला सांगितलं. पुन्हा ते टेबलावर बसले नाहीत. समितीनं आग्रह केला, पण फार जोर लावून नाही.

त्यांनी एक कलम तेवढं लिहून पाठवलं: प्रमुख पाहुण्यांना ढोल वाजवायचा असल्यास स्पर्धेआधी वाजवावा, वेळ दोन मिनिटं. समितीनं ते एकमतानं मंजूर केलं. ते छापून यायच्या आधीच, थंडीच्या दिवसांत, बाबा गेले. गावात त्या दिवशी दोन्ही आळ्यांना पाणी उशिरा आलं, आणि कोणी तक्रार केली नाही.

नियमपत्रिकेत ते आता अकरावं कलम आहे, ठळक अक्षरांत. यंदा पाहुण्यांनी साडेसहा मिनिटं वाजवलं.