मी न लिहिलेला पाहुणा

टीव्हीवर एके काळी गाजलेल्या एका विज्ञानमालिकेची संहिता माझ्या नावाने पुस्तकरूपात छापलेली आहे. त्यातले संवाद माझे आहेत. कंसातल्या सूचना माझ्या नाहीत. त्या मालिकेत मुख्य भूमिका करणाऱ्या नटाच्या आहेत, आणि मी त्या चोरल्या. तो नट दोन वर्षांपूर्वी गेला. हे सांगायला मी त्याच्या मरणापर्यंत थांबलो, हेही इथेच लिहून ठेवतो.

मालिकेतला पाहुणा दुसऱ्या ग्रहावरून मुंबईत उतरतो. मी त्याला सर्वज्ञ केला होता. पहिल्याच भागात तो दीड पान बोलायचा: प्रकाशवर्षं, अणू, मानवजातीचं भवितव्य. आवाज यंत्रासारखा असावा, एवढीच माझी नटाकडून अपेक्षा होती. हा नट लालबागच्या चाळीतला, कामगारांच्या एकांकिका स्पर्धांत तयार झालेला. निर्मात्याने त्याला निवडलं तेव्हा मी म्हणालो, "उच्चार बघा त्याचे." उच्चार हे निमित्त होतं. तो कुठल्या वस्तीतून, कुठल्या घरातून आला आहे, हे माझ्या मनात होतं. शिवाजी पार्कला आमच्या घरी असलं काही उघड बोलत नसत. उच्चार म्हणत.

परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये सेट लागला होता. तालमीला त्याने माझं दीड पान वाचलं आणि खुर्चीवर ठेवलं.

"साहेब, हा एवढा बोलला तर चाळ कमिटीचा सेक्रेटरी वाटेल."

लाइटवाले हसले. मी चिडलो. "मग काय, नाचणार तो?"

"काय नाय करणार. बघणार. आपली भाषा त्याला नुसता गोंगाट ना? मग तो कानावर भरवसा कशाला ठेवेल? तो ओठ बघेल."

मग त्याने वडिलांचं सांगितलं. ते गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, तीस वर्षं होते. त्या आवाजात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ वाचत आणि बोटांनी बोलत. वडील घरी आले तरी तसेच. "चाळीतल्या बायका मला म्हणायच्या, तुझा बाप काय रे तोंडाकडं टक लावून बघतो आमच्या?" तो हसत म्हणाला. "लाज वाटायची मला. नंतर कळलं, बाप घाबरलेला असायचा. कुणी काय सांगितलं नि आपल्याला कळलंच नाही तर?"

त्याने करून दाखवलं. समोरच्या नटीने विचारलं, "कोण तू?" हा तिच्या ओठांकडे पाहत राहिला. ओठ मिटले तरी पाहत राहिला. मान जरा पुढे, खांदे आवळलेले, जणू उत्तर चुकलं तर कुणीतरी त्याला हाकलून देणार आहे. मग छातीशी दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटली. साच्यांवर त्याचा अर्थ एवढाच, की धागा तुटला.

दिग्दर्शकाने माझं दीड पान काढून टाकलं.

तो पाहुणा लोकांना का भिडला, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी लिहिलेल्याला सगळं ठाऊक होतं. याला काहीच ठाऊक नव्हतं आणि ते कळू न देण्याची त्याची धडपड चालली होती. मैदानावरची पोरं दोन बोटं छातीशी नेऊ लागली. पत्रकार मला विचारत, ही कल्पना सुचली कशी? पहिल्यांदा मी म्हणालो, कर्णबधिर मुलांच्या शाळेत बसून अभ्यास केला. अशा शाळेची पायरीही मी चढलो नव्हतो. पुढच्या वेळी ते छापून आलेलं होतं, मग तेच म्हणणं भाग पडलं. त्याला पत्रकार विचारत, त्या चंदेरी कपड्यांत उकडत नाही का? तो म्हणायचा, "उकडतं ना."

पुस्तक करताना मी सगळे भाग पुन्हा लावून पाहिले आणि त्याने जे जे केलं ते कंसात लिहिलं. (ओठांकडे पाहतो. दोन क्षण थांबतो.) कंस नसलेलं मूळ हस्तलिखित रद्दीत दिलं. मुद्दाम दिलं.

दादरला प्रकाशन झालं त्याला तो आला होता. खांबाशी उभं राहून त्याने पुस्तक चाळलं, मग माझ्यापुढे धरलं. "साहेब, कंसात बरा दिसतो मी."

मी हसलो आणि सही केली. वर लिहिलं, "सहकार्याबद्दल आभार."

आता मालिका नव्याने येते आहे. गेल्या महिन्यात त्याची मुलगी घरी आली. पाहुण्याची व्यक्तिरेखा घडवणारा म्हणून वडिलांचं नाव यावं, असं ती नव्या निर्मात्यांना सांगून आली होती. त्यांनी तिच्यापुढे माझं पुस्तक ठेवलं होतं.

"काका, मला दुसरं काही नको. खरं काय ते लिहून द्या."

मी त्याच दुपारी दोन पत्रं लिहिली, एक तिच्यासाठी, एक निर्मात्यांना. चार दिवसांनी त्यांच्या कचेरीतून एका तरुण मुलीचा फोन आला. "सर, पुस्तकात तर सगळं आधीच लिहिलेलं आहे. तुमचीच स्क्रिप्ट. मूळ प्रत आहे का?" मी नाही म्हणालो. रद्दीचंही सांगितलं. मग फार मायेने तिने विचारलं, "सर, घरी कुणी आहे का तुमच्याजवळ?"

नव्या नटाच्या चाचणीचं चित्रीकरण त्यांनी मला पाहायला पाठवलं आहे. मुलगा कष्टाळू आहे. ओठांकडे पाहतो, मनात एक-दोन मोजून थांबतो, बोटं बरोबर छातीशी नेतो. माझा कंस त्याने अक्षरशः पाळला आहे. भीती मात्र त्याला सापडलेली नाही, कारण ती मी लिहिलेलीच नाही. मला ती कधी वाटलीच नव्हती.

काल जुन्या नटाच्या मुलीसाठी लिहिलेलं पत्र घेऊन मी लालबागला तिच्या घरी गेलो. काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे नाव तुमचंच लागणार," ती म्हणाली.

"हो."

तिने पत्र उभ्यानेच वाचलं आणि घडी घातली. "हे आईला वाचून दाखवते. बाबा सांगायचे तेव्हा आईला वाटायचं, मोठेपणा करतात. मलासुद्धा वाटायचं."