सबको चाबता है

बाबांची पाठ गेली तेव्हा मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते आमच्या छत्तीसगढी शहरात पंडरीच्या कापडबाजारात हमाली करायचे. कापडाची गासडी पाठीवर घेऊन जिना चढताना पाय सटकला, गासडी अंगावर आली, आणि त्यानंतर त्यांचं जग खाटेएवढं झालं. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचं, भिंतीला धरून परत यायचं. आई तेलीबांध्याच्या दोन फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायची, त्याचे चार फ्लॅट झाले. घर म्हणजे एक खोली, वर टिन, पुढे अंगण. अंगणाला भिंत घालायचं बाबांच्या मनात होतं ते मनातच राहिलं. मग आईनं नाल्याकाठची बेशरम नावाची झाडी तोडून आणली आणि तिच्या काड्या रोवून कुंपण केलं. ती कुठेही लागते आणि कोणी तिचे पैसे मागत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते. पण त्या वर्षी पहिल्या सत्राचा निकाल हातात आला तेव्हा घरात तो वाचायला कोणी नव्हतं. बाबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ते कोणाशीच बोलत नव्हते. जेवायला ये म्हटलं तर येत नव्हते, ताट खाटेवर ठेवलं तर अर्धं परत जात होतं. आई भांडी घासत म्हणायची, "बोलत काहून नाही हा मानूस? मी काय भिताडाशी बोलू?"

कुंपणापलीकडे रेतीचा ढीग होता, त्यात एका कुत्रीनं पिल्लं दिली. बाकीची कुठे गेली कळलं नाही. एक उरलं, तांबूस, एक कान मोडका. ते कुंपणाच्या फटीतून आत आलं आणि आल्या दिवशीच अंगणातल्या बाबांच्या खाटेची सुतळी कुरतडायला बसलं. तासभर बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "अबे, सोड ना."

दीड महिन्यातले ते त्यांचे पहिले शब्द. मी आत चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली.

तेव्हापासून पिल्लू खाटेखाली राहायला लागलं आणि बाबा दिवसभर त्याला रागवायला लागले. त्याला दात येत होते. समोर येईल ते तोंडात. कडुनिंबाच्या काड्या, शेजारच्या ककांनी टाकलेली चघळलेली दातून, आंब्याची कोय, विटेचा तुकडा, आईची चप्पल, बादलीची कडी, भुट्ट्याचं बुरकुंडं. कुंपणाची एक काडी रोज कमी व्हायची. बाबा त्याच्या जबड्यात बोट घालून एकेक वस्तू काढायचे. "दात येऊन राहिले त्याचे," आईला म्हणायचे, "तुह्या पोट्टीनं तर माही घड्याळ चावली होती." आणि हे सांगता सांगता स्वतः दोन घास खायचे. म्हणून ते पिल्लू आमच्या घरात नुसतं पिल्लू नव्हतं.

आईला मात्र चपलेचा राग होता. कामावर जाताना पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांना ती हिंदीत गाऱ्हाणं सांगायची, "क्या बताऊं दीदी, सबको चाबता है."

आमच्या मराठीत चावणं म्हणजे कुत्र्याचं चावणंही आणि घास चावणंही. 'सगळ्याले चावते' म्हणजे काडी, चप्पल, बादली, जे दिसेल ते. आईनं त्याचं सरळ हिंदी केलं होतं. पण आमचा पारा छत्तीसगढी. त्यांच्या बोलीत चाबणं म्हणजे दात मारणं, तेही कुत्र्यानं किंवा सापानं. आणि 'सबको' म्हणजे सगळ्या माणसांना. ती चप्पल म्हणत होती, ते पोटरी ऐकत होते.

मला हे कळत होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही.

त्याला कारण होतं. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी आई माझ्याबरोबर आली होती. खिडकीशी वाकून बाबूला म्हणाली, "साहब, मेरी पोट्टी का फारम है." आमच्याकडे पोट्टी म्हणजे मुलगी. हिंदीवाल्याला त्यात पोरांची शी ऐकू येते. बाबूच्या हातातलं पेन पडलं, मागची रांग हसली, आणि मी सगळ्यांसमोर आईला म्हटलं, "पोट्टी नको म्हणू न, लडकी म्हण. नाहीतर चूप राय." ती घरापर्यंत चूप राहिली. दुसऱ्या दिवशीही. तेव्हा मी ठरवलं होतं की पुन्हा कधी आईची भाषा चारचौघांत सुधारायची नाही. चांगलं वागते आहे असं मला वाटत होतं.

एप्रिलमधली सकाळ होती. आई कामावर निघत होती. पिल्लू खाटेखालून बाहेर आलं आणि त्याचं तोंड उघडं होतं. मिटतच नव्हतं. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. ते पुढच्या पायांनी तोंडावर ओरबाडत होतं, जमिनीला थोबाड घासत होतं, गोल गोल फिरत होतं. पाणी ठेवलं तर पाण्यात तोंड घातलं आणि ओरडून मागे सरलं.

बाबांनी हात पुढे केला तर ते गुरगुरलं. बाबांवर कधी गुरगुरलं नव्हतं.

कुंपणापलीकडे कका दातून करत उभे होते. ककांच्या तोंडातली काडी थांबली. "ए बइहा गे हे," ते म्हणाले. म्हणजे हे पिसाळलं. आणि मग माझ्याकडे बघून, "तोर दाई खुदे कहिथे, सब ला चाबथे." तुझी आईच सांगते की सगळ्यांना चावतो.

अर्ध्या तासात कुंपणाशी आठ-दहा माणसं जमली. तिघांच्या हातात बांबू. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी याच पाऱ्यातली एक बाई कुत्रं चावून गेली होती, पाणी पाणी करत आणि पाण्याला घाबरत. ती ककांची वहिनी होती.

मी म्हटलं, "किसको काटा है, कका? एक आदमी बताओ."

ते एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई म्हणाली, मागच्या घरच्याला चावलं म्हणे. मागच्या घरचा तिथेच उभा होता. तो म्हणाला, मला नाही, मी तर ऐकलं की दुकानवाल्याला. दुकानवाल्याचं कोणी तरी जावयाचं सांगितलं. जावई बिलासपूरला राहत होता. पण माणसं मागे हटली नाहीत. चावलं नसेल तर चावेल, लाळ दिसते ना डोळ्यांनी.

ते खरंच पिसाळलं असेल तर? हे मलाही वाटत होतं. मी शिकलेली होते आणि मला काहीही माहीत नव्हतं.

एकानं कुंपण ओलांडलं. पिल्लू खाटेखाली शिरलं. बाबा कुशीवर वळले, खाटेचे दोन्ही दांडे धरले आणि म्हणाले, "पहले मेरे को उठाओ, फिर इसको मारो."

बांबूवाला थांबला. बाबांना उठवायचं म्हणजे काय हे पाऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कोणी हात लावून उठवलं की ते जोरात ओरडतात.

कका शेवटी म्हणाले, "दोपहर तक. डॉक्टर को दिखा लाओ. फिर हम देखेंगे."

आईनं टोपली आणली. बाबांनी गमछा हाताला गुंडाळला, खाटेखाली वाकले. वाकताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरलेले नाही. पिल्लाला मानेला धरून त्यांनी टोपलीत टाकलं, आम्ही वरून दुसरी टोपली उपडी बांधली. ई-रिक्शावाल्यानं आतली गुरगुर ऐकली आणि पुढे निघून गेला. दुसऱ्यानंही. मग आम्ही चालत निघालो, टोपली दोघींच्या मध्ये, एक कडा तिच्या हातात, एक माझ्या. डांबर तापलं होतं. लाळ टोपलीतून गळून माझ्या मनगटावर येत होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आई वाटेत एकच वाक्य बोलली, "हा गेला तं तुहा बाप जाते."

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरनं लांबूनच विचारलं, "क्या हुआ?"

माझ्या आधी आई बोलली. "साहब, तोंड बंद नहीं होता. महिना हो गया, सबको चाबता है."

कंपाउंडर खुर्ची घेऊन मागे सरकला. "टीका लगा है?" लस टोचलीच नव्हती. "बाहर रखो, बाहर. कोई हाथ मत लगाना." आतून डॉक्टर आले, उंबऱ्यातच थांबले. लाळ बघितली. कितने लोगों को काटा, असं त्यांनी विचारलं आणि कागद घेतला.

आई माझ्याकडे बघत होती. तिला कळत नव्हतं की ती काय बोलली.

मी तिचा दंड धरला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, मम्मी गलत बोल रही है. काटता नहीं है. चबाता है. लकडी चबाता है, चप्पल चबाता है. किसी आदमी को नहीं काटा. कल शाम तक ठीक था, बेशरम की डंडी चबा रहा था."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "डंडी?"

"जी."

त्यांनी हातमोजे चढवले. कंपाउंडरनं कुरकुर करत जाड कांबळं टाकून पिल्लू दाबलं, पट्टीनं वरचा जबडा ताणला. डॉक्टरांनी टॉर्च मारला. मग मला जवळ बोलावलं. टाळूला आडवी, दोन बाजूंच्या दाढांमध्ये पाचरीसारखी बसलेली, बोटाच्या पेराएवढी काडी. दोन्ही टोकांशी मांस सुजून वर आलं होतं. त्यांनी चिमटा लावला, एकदा सटकला, दुसऱ्यांदा कटकन आवाज झाला. पिल्लाचं तोंड मिटलं. मग ते आपलीच जीभ चाटत राहिलं.

डॉक्टर म्हणाले की काडी निघाली तरी लस टोचलेली नाही, म्हणून दहा दिवस बांधून ठेवा आणि नजर ठेवा. लाळ लागली होती म्हणून मला, आईला आणि बाबांना सुया घ्यायला लावल्या. बाबांसाठी नर्स घरी आली.

परत येताना टोपली हलकी वाटत होती. आई माझ्याकडे न बघता चालत होती. मला वाटलं, पुन्हा तेच झालं. पुलाजवळ ती थांबली, पदरानं तोंड पुसलं.

"चाबते म्हनू नाही का मंग?"

"नको म्हणू."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? दोन बुकं शिकली अन् तोंडात मूग धरून बसली. तुह्या चूप राहन्यानं मरत होता तो."

खरं होतं ते.

दहा दिवस पिल्लू खाटेच्या पायाला बांधलेलं होतं. रोज सकाळी कका कुंपणाशी यायचे, बांबू टेकवायचे, बघायचे आणि जायचे. पहिले तीन दिवस त्याला फक्त पेज जात होती. चौथ्या दिवशी बाबांच्या हातातून भाकरीचा तुकडा घेतला. बाबा रात्री झोपत नव्हते, सकाळी त्यांचे डोळे लाल असायचे. दर खोकल्याला, दर शिंकेला आम्ही तिघं दचकून त्याच्याकडे बघायचो. सातव्या दिवशी त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही आणि आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. थोड्या वेळानं ते उठलं आणि वाटी रिकामी केली.

अकराव्या दिवशी कका बांबू न घेता आले. वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं. "हव, बने हे," म्हणाले. ठीक आहे. आईनं दोर सोडला.

पिल्लू वाचलं.