क्लबातल्या पुडिंगचं नाव

ऐंशीच्या दशकात आमच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक ऑस्ट्रियन इंजिनियर आला होता. चंद्रपूरच्या उन्हात त्याची बायको पार वैतागली, म्हणून ऑफिसर्स क्लबच्या बायकांनी तिला गळ घालून काहीतरी गोड करायला लावलं. तिने चॉकलेट-बदामाचं वाफवलेलं पुडिंग केलं, वर फेटलेली पांढरी साय घातली. नाव विचारल्यावर म्हणाली, आमच्याकडे याला 'शर्टातला काळा माणूस' म्हणतात.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. बाबा नुकतेच ऑफिसर झालेले, आमच्या वस्तीतले पहिलेच. क्लबात चारचौघांसारखं बसायला मिळावं एवढीच त्यांची हौस. मला घेऊन ते विहारातून वंदना आटोपून थेट आले, पांढरा शर्ट, पांढरी पँट. वंदनेला आम्ही सगळे पांढरंच घालतो. आणि रंगाने बाबा चांगलेच काळे, मीही त्यांच्यावरच गेले आहे.

मॅनेजरसाहेबांनी आधी पुडिंगकडे पाहिलं, मग बाबांकडे. सगळा क्लब हसला. बाबाही हसले, कारण त्यांना अजून काही माहीत नव्हतं. त्यांचं ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

कोणीतरी त्यांना नाव सांगितलं. मडम ओशाळली, म्हणाली, दुसरं काही म्हणू या. झालं, या शहाण्यांची चर्चा सुरू. एका बाईंना 'काळा' ऐवजी 'सावळा' चालत होतं. मॅनेजरसाहेब गंभीर होऊन म्हणाले, "दुसऱ्यांच्या परंपरेला आपण हात लावू नये." आमच्या वस्तीला नवं नाव मिळून किती वर्षं झाली, पण या गृहस्थांच्या तोंडी अजून जुनं, जातीचंच. आणि हे निघाले होते परदेशी पुडिंगची अब्रू राखायला!

शेवटी त्यांनी बाबांनाच विचारलं, "तुमची काही हरकत नाही ना?"

सगळे बाबांकडे बघत होते. मला वाटलं, बाबा मान डोलावून मोकळे होतील.

"हाये," बाबा म्हणाले. "मले हे नाव चालत नाई, साहेब."

कोणी वाद घातला नाही. 'चॉकलेट पुडिंग' म्हणायचं ठरलं, टाळ्याही वाजल्या. बाबांनी ते मागून घेऊन खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून पुडिंगचं ते जुनं नाव क्लबाने बाबांना लावलं. निवृत्तीपर्यंत पाठीमागे तेच चाललं.