हिमायतनगरला पडलेले भिंग

आमच्या नांदेडच्या दुकानातून चित्रीकरणाचे कॅमेरे भाड्याने जातात. प्रत्येक कॅमेरा परतताना एखादा किस्सा बरोबर आणतो. कॅमेरा दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडतो, किस्सा मात्र दुकानातच मुक्काम करतो! त्यांतले बहुतेक किस्से नायगावच्या गंगाधरचे. तो आमचा कॅमेरा अटेंडंट. चौदा वर्षे माझ्याबरोबर होता.

*

पहिला डिजिटल सिनेमा कॅमेरा आला, तेव्हा मी खोकेच उघडू दिले नाही. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे; पुढचे सारे वाचून मिळवलेले. शब्दकोश जवळ घेऊन चार दिवस माहितीपुस्तिका वाचली.

"सर, कॅमेरा आतल्या आत म्हातारा होऊन राहिला!" गंगाधर म्हणाला.

पाचव्या दिवशी मी वाचत गेलो, तो करत गेला. कॅमेरा बंद. तोंड किंचित खाली. झाकण काढा. भिंगाची खाच पिनेवर बसवा. भिंग धरून ठेवणारी कडी फिरवून आवळा. पहिल्याच प्रयत्नात भिंग बसले!

"पाहिलेस वाचनाचे सामर्थ्य?"

"हाव सर. हात तेवढे माझे होते."

*

निलंग्याला उसाच्या फडात एका चित्रपटाचा मुहूर्त होता. भिंग चढवण्यासाठी झाकण नुकतेच काढले होते, आणि निर्मात्याचे मामा कुंकवाचे बोट घेऊन थेट त्या उघड्या तोंडाकडे निघाले. आत चित्र टिपणारा नाजूक सेन्सर! मी त्यांना थांबवण्यासाठी उचित शब्द शोधत होतो. गंगाधरने मध्ये डोके घातले.

"मामा, कॅमेऱ्याचं कपाळ हे हाय. लावा हितं!"

दिवसभर तो ते कुंकू लावून फिरला.

*

एकदा भर रस्त्यात भिंग बदलायचे होते. एसटी धुरळा उडवत गेली. गंगाधर कॅमेरा मांडीवर घेऊन, काचा चढवलेल्या जीपमध्ये जाऊन बसला. दिग्दर्शक ओरडले, "अरे, बस गेली की!"

"बस गेली साहेब. धूळ हितंच उतरली!"

*

माझी एक सवय होती. गंगाधरने कडी आवळली की मी ती स्वतःच्या हाताने तपासत असे.

हिमायतनगरला एक जड भिंग लावले होते. त्याने कडी आवळली, मी तपासली. त्याने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि भिंग निसटून दगडावर पडले. सारे युनिट पाहत होते.

मी म्हणालो, "न वाचता काम केले की असेच होते!"

गंगाधर क्षणभर माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग खाली बसून काचा वेचू लागला. "चुकलं सर," एवढेच म्हणाला.

*

मी नेहमी कॅमेऱ्यामागून कडी तपासत असे. त्या दिवशी समोर उभा होतो. समोर उभे राहिले की आवळण्याची दिशा उलटी होते, हे पुस्तिकेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी तसाच समोर उभा राहिलो, कडीला हात घातला, आणि ती माझ्याच हातात सैल झाली. वर पाहिले, तर गंगाधर दारात उभा!

"सर, चहा सांगू का?"

"सांग," मी म्हणालो.

महिनाअखेर तो लातूरला निघून गेला.

*

मध्यंतरी त्याचा फोन आला. लातूरला तो आता कॅमेऱ्याचे वर्ग घेतो. "सर, एक दिवस या. पोरं तुमच्याबद्दल लई इचारून राहिली."

बसमध्ये मी एकच वाक्य मनाशी घोकत गेलो : 'ते भिंग माझ्या हातून सैल झाले होते.'

वर्गात वीसेक मुले-मुली होती. गंगाधरने हिमायतनगरचाच प्रसंग सांगायला घेतला. "कडी म्या नीट आवळली न्हवती. चूक माझी. म्हणून सांगतो, दोनदा बघत जा."

एका मुलीने विचारले, "मग सर लई बोलले असतील?"

"न्हाई. एकच वाक्य."

सारे हसले. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "सर, आता तुम्ही बोला."

मी उभा राहिलो. माउंट, म्हणजे भिंग बसते ते कॅमेऱ्याचे तोंड, स्वच्छ ठेवण्याच्या योग्य पद्धतीवर पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या.

गंगाधर बसस्थानकापर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्याने खिडकीतून आत दिली आणि तिथेच थांबला.

"सर, सांगायचं काही राहिलं का?"

"हो," मी म्हणालो. "धूळ उडवायचा ब्लोअर नेहमी खालून वर मारावा. ते सांगायचे राहिले."