चंद्राची खुशाली

माझ्या सासूबाई लातूरकडच्या. तिकडच्या भूकंपात त्यांचं दगडी घर कोसळलं. माणसं वाचली, पण पुढे त्या पत्र्याच्या खोलीतच राहिल्या, दगडमातीच्या छताखाली पुन्हा निजल्या नाहीत. अशा बाईला आम्ही आणून ठेवलं पुण्याजवळ वाघोलीत, अकराव्या मजल्यावर. निमित्त गुडघ्यांच्या औषधपाण्याचं. महिना उलटला आणि मला त्यांची सवय लागली. माझी आई गेल्यापासून मी ऑफिसातून आल्यावर ‘दमलीस का माय’ असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कायमचं इथेच राहावं, असं मला वाटत होतं. त्यांच्या मुलालाही वाटत होतं. फक्त त्यांना वाटत नव्हतं.

वाघोलीत दगडाच्या खाणी आहेत. दुपारी सुरुंग उडाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि आम्ही चहा पीत राहतो. सासूबाई मात्र पिशवी उचलून जिन्याकडे निघतात. भूकंपात लिफ्ट वापरायची नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक. जाताना प्रत्येक मजल्यावर बेल वाजवायची, कारण एकटीनं वाचणं त्यांच्या स्वभावात नाही. एकदा निम्मी बिल्डिंग पार्किंगमध्ये जमली. चेअरमननी लगेच फळ्यावर लिहिलं, ‘भूकंप झाल्यास कमिटी कळवेल. तोपर्यंत रहिवाशांनी घरीच थांबावे.’

त्या संध्याकाळी सासूबाईंनी गावी माझ्या थोरल्या दिरांना फोन केला. “रविवारी न्यायला ये. इथं जमीन लई लांब हाय.”

मी चिडले. चिडले की मला माहिती द्यायची खोड आहे.

“अहो आई, भूकंप कुठे होत नाहीत? चंद्रावरसुद्धा होतात. माणसं तिथे यंत्रं ठेवून आली, त्यात कळलं. कोरडाठाक खडक तो, एकदा हलायला लागला की बराच वेळ थरथरत राहतो.”

पळून जायला जागाच नाही, तेव्हा इथेच बसा, असं मला म्हणायचं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

“चंद्र हलतो? मग आपल्याला कसं कळत न्हाई?”

“मध्ये सगळी पोकळी आहे. धक्का इथवर आणायला काहीच नाही. अंतराळात तरंगणाऱ्यालासुद्धा कळणार नाही. ज्याचे पाय चंद्रावर टेकलेत, त्यालाच जाणवणार.”

“म्हंजी बिचारा हलत बसतो अन् कुणाला खबर न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि ताटावरून लवकर उठल्या. आयुष्यभर संकष्टीला ज्याचं दर्शन घेऊन उपास सोडला, त्याची ही अवस्था. मी कपाळाला हात लावला. एका भूकंपानं भागत नव्हतं म्हणून मी दुसरा आणून ठेवला होता.

नेमकी शनिवारी संकष्टी आली. मागच्या खेपेला त्यांनी पार्किंगमध्ये ताटकळत बसून चंद्र पाहिला होता. आमच्या बाल्कनीत त्या पाऊल ठेवत नसत, ती हवेत लोंबकळते म्हणून. या वेळी मी खुर्ची घेऊन खाली निघाले, तर त्या बाल्कनीचं दार धरून उभ्या.

“इथून लवकर दिसंल का गं? बघू तरी, कसा हाय.”

मग दार सोडून त्यांनी कठडा धरला. समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरमागून पिवळाधमक चंद्र वर आला. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या. मी एकदाचं तोंड बंद ठेवलं. त्यांनी अर्घ्य दिलं, हात जोडले आणि मोठा श्वास सोडला.

“एवढा हलतो, पर आला बघ येळेवर.”

आत येऊन त्यांनी आधी दिरांना फोन लावला.

“उद्या येऊ नगस... कामून म्हंजी? चंद्राकडं ध्यान ठेवाया कुणी नगं का?” मग माझ्याकडे बघून आवाज जरा खाली आणला. “अन् हिच्याकडंबी.”

मला रडू आलं. मोदकांवर तूप वाढायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले.